तंबू कुठे ठोकावा

श्रोते हो, नमस्कार. मे महिना निम्मा झाला की भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी तंबूत मुक्काम करण्याचे बेत घरोघरी सुरू होतात. अंथरूण-पांघरूण आणि शिधा यांची तयारी आपण सर्वजण जाणताच. म्हणून आज मी मुख्यतः एकाच गोष्टीविषयी बोलणार आहे, आणि ती म्हणजे तंबूची जागा.

प्रवरा नदीवरील हे धरण 1926 साली पूर्ण झाले. खालच्या शेतीसाठी आवर्तने सुटत गेल्याने उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी बरेच मागे सरते आणि काठाला गाळाची सपाट, मोकळी जमीन उघडी पडते. ती जमीन पाहताक्षणी मोह पडतो.

आम्हालाही पडला होता. काही वर्षांपूर्वी मेअखेरीस आम्ही दोन कुटुंबे, पाच मुलांसह, दुपारी चारच्या सुमारास तेथे पोहोचलो आणि पाण्यापासून दहा-बारा पावलांवर तीन तंबू उभे केले. म्हशी घेऊन परतणारे एक आजोबा थांबले. त्यांनी पायाखालचे ढेकूळ टाचेने दाबून फोडले. वरची खपली कोरडी होती आणि आत गाळ अजून ओला होता. मग वाकून त्यांनी एक खुंटी दोन बोटांनी धरली आणि मळलेल्या कणकेतून बोट निघावे तशी ती अलगद वर काढली. "पाव्हणं, वारं डोंगरावरनं उतरतंय," एवढेच ते म्हणाले. माझे मेहुणे जागा सोडायला तयार नव्हते, कारण तेथून समोर रतनगड दिसत होता. तरीही आम्ही तंबू उपटले आणि आजोबांनी दाखवलेल्या चढावरच्या शेतात, दगडी बांधाच्या आडोशाला, पुन्हा ठोकले. रात्री साडेआठला ढग गडगडू लागताच त्यांनी आम्हा सर्वांना आपल्या घरात बोलावले, आणि पाचच मिनिटांत वळवाचा पाऊस असा कोसळला की कौलांच्या आवाजात एकमेकांचे बोलणे ऐकू येईना. सकाळी बांधाआडचे तिन्ही तंबू जागेवर होते. काठावर विसरलेली आमची मोठी चटई मात्र जलाशयात दूरवर तरंगत होती.

म्हणून पुन्हा सांगतो: गाळावर तंबू नको, आडोसा हवा आणि गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय खुंटी ठोकू नये. विजा चमकत असताना तंबू मुळीच सुरक्षित नसतो. पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत बसावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पाण्यात उतरू नये, कारण गाळाखालचा उतार वरून दिसत नाही.

जेवण शक्यतो गावातच सांगावे. नागलीची भाकरी आणि पिठले चुलीवरून थेट ताटात येते, आणि माझे तर स्पष्ट मत आहे की ताटे घरूनच स्टीलची न्यावीत. कागदी पत्रावळींचा ढीग त्या काठावर पाहवत नाही.

पावसाच्या तोंडावर, मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, येथे हिरडा, बेहडा आणि सादड्याच्या झाडांवर काजवे चमकतात. चांदणे नसलेली रात्र निवडावी, झाडापासून अंतर राखावे, मोटारीचे दिवे बंद ठेवावेत, आणि विजेरीच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद घरूनच रबराने बसवून न्यावा.