इराणच्या आडून आयर्लंड

श्रोतेहो, नमस्कार. १८१७ साली लंडनच्या लाँगमन प्रकाशन संस्थेनं एक दीर्घकाव्य छापलं, 'लाला रूख'. कवी टॉमस मूर, मूळचा डब्लिनचा. काव्य हाती पडण्याआधीच प्रकाशकानं ३,००० गिनी कबूल केल्या होत्या!

औरंगजेबाची मुलगी लाला रूख लग्नासाठी दिल्लीहून काश्मीरला निघाली आहे. वाटेत एक तरुण कवी तिला चार कथा ऐकवतो. मूरनं पूर्वेचे देश कधी पाहिलेच नव्हते. प्रवासवर्णनं आणि भाषांतरं वाचून त्यानं हे सगळं रचलं. म्हणून गुलाब, बुलबुल आणि अत्तराचा घमघमाट जरा जास्तच आहे. पण तिसरी कथा, 'अग्निपूजक', तेवढी मनापासून वाचा.

इराणवर अरबांचं राज्य आहे. अमिराची मुलगी हिंदा एका अनोळखी तरुणाच्या प्रेमात पडली आहे. रात्री कडा चढून तो तिच्या महालात येतो. तो कोण, हे तिला ठाऊक नाही. एके रात्री तो अंगावरचा झगा मागे फेकतो आणि कमरेचा पट्टा दिसतो, अग्निपूजकांचा, म्हणजे इराणच्या जुन्या जरथुष्ट्री धर्माच्या लोकांचा. ज्यांना मुंबईत पारशी शेजार लाभला, त्यांना पारशांची ही पवित्र कमरदोरी, कस्ती, वेगळी सांगायला नको. हा हाफेद, तिच्या वडिलांविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांचा म्होरक्या.

यातली व्यथा आयर्लंडची आहे. १८०१ साली आयर्लंडची संसद गेली, देश ब्रिटनमध्ये विलीन झाला. १८०३ साली मूरचा कॉलेजमधला मित्र रॉबर्ट एमेट ब्रिटिशांविरुद्धचं बंड फसून फासावर गेला. आयर्लंडच्या गीतांमधला जीव पूर्वेत सहज रुळला, अशा अर्थाचं मूरनं पुढे स्वतःच लिहिलं आहे. त्यापायी अरब अमीर मात्र निव्वळ क्रूर रंगवला गेला. तो अन्याय मला खटकतो.

तरी फितुरीचा प्रसंग विसरता येत नाही. बंडखोरांमधलाच एक जण शत्रूला गुप्त वाट दाखवतो. तिथे मूर कथा बाजूला ठेवून त्या फितुराला शाप देतो: ओठाला लागताच फळाची राख होवो, मेल्यावर स्वर्ग डोळ्यांसमोर दिसत राहो आणि भोगायला नरक मिळो.

हा त्वेष कुठून आला असेल? १७९८ च्या आयरिश उठावात खबऱ्यांचा सुळसुळाट होता. त्या वर्षी मूरच्या डब्लिनमधल्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये विद्यार्थ्यांची शपथेवर चौकशी झाली. मूरलाही उभं केलं गेलं. सोबत्यांना गोत्यात आणेल अशा कोणत्याही प्रश्नाचं उत्तर द्यायला त्यानं साफ नकार दिला.