दिवसा दयाळ, रात्री चिचुंद्री

चैत्र लागलाय. परभणीकडच्या गावातला हा माळवदाचा वाडा. पुरतं उजाडायच्या आत कडुनिंबाच्या शेंड्यावर नर दयाळ गायला बसलाय. काळी छाती, पांढरं पोट, पंखावर पांढरा पट्टा, शेपटी उभारलेली. जेमतेम १९ सेंटिमीटरचा पक्षी, पण आवाज अख्ख्या आळीला पुरतो. मार्च ते जुलै त्याच्या विणीचे दिवस. ही हद्द माझी, हे तो दुसऱ्या नरांना गाऊनच बजावतो. त्याची करडी मादी पांढऱ्या मातीच्या भिंतीतल्या भोकात काड्या नेतेय.

गाणं थांबलं की तो खाली उतरतो. उकिरड्यावर नाकतोडे, अळ्या, मुंग्या. टिपला किडा की शेपटी पुन्हा वर.

आता दिवेलागण झालीय. त्याच भिंतीच्या पायथ्याशी बघा. लांब, हलतं नाक आणि बारीक डोळे. ही चिचुंद्री. हिला उंदीर समजून आपण केरसुणी उगारतो. पण ही उंदराच्या कुळातली नाहीच. उंदराचे पुढचे दात कुरतडण्यासाठी असतात आणि जन्मभर वाढतात. हिचे टोकदार दात किड्यांचं कवच फोडायला आहेत. झुरळं, रातकिडे हेच हिचं मुख्य अन्न. दिसतं कमी, म्हणून वास घेत, भिंतीला धरून ती पळते. तो उग्र दर्प तिच्या दोन्ही कुशींतल्या ग्रंथींचा. त्यामुळे मांजर तिला मारतं, पण सहसा खात नाही.

आणि हे पाहा, कडब्याच्या गंजीमागे. घरटं हलवायची वेळ आलीय. पहिल्या पिल्लानं आईच्या शेपटीजवळची कातडी दातांत धरली. दुसऱ्यानं पहिल्याला धरलं, तिसऱ्यानं दुसऱ्याला. आई निघाली की सगळी रांग तिच्या पावलावर. ती वळली की रांग वळते, ती थबकली की रांग थबकते. इतकी माया असलेल्या या जिवाला आपण दिसेल तिथे ठेचत आलोय.

दयाळाच्या गाण्याला कान देणारे पुष्कळ आहेत. चिचुंद्री त्याच अंगणातले किडे रात्रभर वेचते, तिच्या वाट्याला मात्र शिव्या. उंदरांसाठी ठेवलेल्या विषानं आणि चिकट पुठ्ठ्यांवर तीही मरते. सिमेंटच्या भिंतीत दयाळाला भोक मिळत नाही. पिंजऱ्यात चिचुंद्री सापडली, तर अंधार पडल्यावर गोठ्यामागे नेऊन पिंजरा उघडा.