लहान मैदान, एक गेट आणि सरकारी पैसा

मंडळी, विषय लहान फुटबॉल मैदानांच्या सरकारी निधीचा आहे. त्याकडे येतोच, पण आधी इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला जाऊन येऊ.

११ मे १९८५. तिथला फुटबॉल क्लब ब्रॅडफर्ड सिटी तिसऱ्या डिव्हिजनचं विजेतेपद मिळवून हंगामातला शेवटचा सामना खेळत होती. लाकडी स्टँड, वर डांबरी कागदाचं छप्पर आणि फळ्यांच्या फटींखाली वर्षानुवर्षं साचलेला कचरा. त्या फटीतून काडी म्हणा, सिगारेट म्हणा, खाली पडली आणि काही मिनिटांत अख्खा स्टँड पेटला. मैदानात उड्या टाकणारे बहुतेक वाचले. आले त्या वाटेनं मागं पळालेल्या कित्येकांना दारं कुलूपबंद मिळाली. ५६ माणसं गेली!

आता ऐका. स्कॉटलंडमधल्या इब्रॉक्स मैदानाच्या जिन्यावर १९७१ मध्ये ६६ जण चेंगरून गेले, म्हणून १९७५ चा सुरक्षा कायदा आला. पण सुरक्षा प्रमाणपत्राची सक्ती झाली ती वरच्या डिव्हिजनच्या मोठ्या मैदानांवर. ब्रॅडफर्ड खालच्या डिव्हिजनमधलं, म्हणून ते बाहेर राहिलं. नव्या छपराचं पोलादसुद्धा आणून ठेवलं होतं हो! पाचशे प्रेक्षकांच्या छप्परवाल्या स्टँडलाही प्रमाणपत्र लागेल, हे ठरायला १९८७ उजाडलं.

आपल्याकडे बेळगाव, खानापूर, निपाणीत स्पर्धा आली की मंडपवाला गॅलरी उभी करतो. पावसानं भिजलेल्या मातीत पाइप नुसता टेकवला की तो रुततो. त्याखाली लोखंडी पत्रा आणि जाड फळी हवीच. उभे-आडवे पाइप सगळे बांधतात, तिरकी कैची मात्र राहून जाते. गोल झाला, लोक एका तालात नाचले की धक्का आडवा बसतो आणि तो पेलायला ती कैचीच लागते. मार्च २०२२ मध्ये केरळात मलप्पुरमला सेव्हन्सच्या, म्हणजे सात-सात खेळाडूंच्या फुटबॉल सामन्यात तात्पुरती गॅलरी कोसळली, ती बातमी तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल.

आणि गेट! मैदानांच्या सुरक्षेवरच्या ब्रिटिश मार्गदर्शिकेचा हिशेब साधा आहे: सपाट वाटेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसं, पायऱ्यांवर ६६. मैदान आठ मिनिटांत रिकामं व्हावं. म्हणजे सव्वा मीटरच्या एका गेटातून आठशेच्या आसपास माणसं बाहेर पडतील. मैदानात तीन हजार मावत असतील, पण त्या गेटाच्या हिशेबानं तिकिटं आठशेच. त्यात गेट आत उघडणारं असलं आणि बाहेर दुचाक्या लावलेल्या असल्या, तर आठशेही नकोत. हे मी कुठंही गेलो तरी सांगतो.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तेव्हा निधीचं झटपट सांगतो. हिल्सबरो मैदानावरच्या १९८९ च्या चेंगराचेंगरीनंतर १९९० मध्ये ब्रिटिश सरकारनं फुटबॉल पूल्सवरचा, म्हणजे सामन्यांच्या निकालांवरच्या पैजांवरचा कर साडेबेचाळीस टक्क्यांवरून चाळीसवर आणला, या अटीवर की वाचलेला पैसा फुटबॉल ट्रस्टमार्फत मैदानं सुधारायला जाईल. त्यातली अट महत्त्वाची. आपल्याकडे खासदार निधी वर्षाला ५ कोटी, शिवाय आमदार निधी. त्यातून मैदानाला काही मिळालं की आधी छप्पर आणि कोनशिला होते. माझी मागणी उलट क्रमाची आहे. आधी बाहेर उघडणारी दोन गेटं, मग कठडे आणि दिवे, छप्पर शेवटी. इंजिनिअरनं क्षमता काढून गेटावर रंगवल्याशिवाय दुसरा हप्ता देऊ नये. तात्पुरत्या गॅलरीला प्रत्येक स्पर्धेआधी तपासणीचा दाखला लागावा. आणि सामन्याच्या परवानगीच्या कागदावर गेटाची किल्ली कोणाकडे आहे, त्याचं नाव आणि फोन नंबर असलाच पाहिजे. तो माणूस शेवटच्या शिट्टीपर्यंत गेटापाशीच उभा हवा.