फेल्सनचा टेलस्टार: सगळ्यात छोट्या मैदानाचा क्लब

(ड्रोन, सकाळ. कालव्याचं तोंड, आत येणारं मालवाहू जहाज)

हे जहाज बघा. नॉर्थ सी मधून आत येतंय आणि इथून सरळ ॲम्स्टरडॅमला जाणार, पण त्याआधी त्याला या दारातून जायचंय. हे आयमॉयडनचं सागरी लॉक, म्हणजे समुद्राच्या आणि कालव्याच्या पाण्याची पातळी जुळवून जहाज आत-बाहेर सोडणारं दार. ५०० मीटर लांब, ७० मीटर रुंद, १८ मीटर खोल, जगातलं सगळ्यात मोठं सागरी लॉक हेच. २६ जानेवारी २०२२ ला राजा विलेम-अलेक्झांडरच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं.

आपली गोष्ट फुटबॉलची आहे, पण ती या पाण्यापासूनच सुरू करावी लागते. कारण दीडशे वर्षांपूर्वी इथे गाव असं काही नव्हतंच, वाळूच्या टेकड्या होत्या. ॲम्स्टरडॅमच्या व्यापाऱ्यांना समुद्राकडे जायला जवळचा रस्ता हवा होता म्हणून या टेकड्या फोडून कालवा काढला, तो १८७६ ला सुरू झाला. खोदायला आलेली माणसं इथेच राहिली, मग बंदर झालं, मग मासेमारी आली, होड्या आल्या, बर्फाचे कारखाने आले, लिलावाचे बाजार आले. आणि १९१८ मध्ये होगोव्हन्स नावाची पोलाद कंपनी स्थापन झाली, तिची पहिली भट्टी १९२४ ला पेटली. कालवा, मासे आणि पोलाद, या तिन्हींवर हे गाव उभं आहे. आज हा सगळा भाग फेल्सन नगरपालिकेत येतो आणि आयमॉयडन हे त्यातलं सगळ्यात मोठं गाव.

(पलीकडच्या काठावरच्या चिमण्या, पांढरी वाफ. फेरीबोट, सायकली)

ही फेरी दिवसभर इकडून तिकडे चालू असते. पलीकडे कारखाना, अलीकडे घरं. सायकल घेऊन लोक बोटीवर चढतात, पाच मिनिटांत पलीकडे उतरतात आणि कामाला जातात. अशा गावात फुटबॉल रुजायला वेळ लागत नाही. शिफ्ट संपली की संध्याकाळ मोकळी, आणि मैदानाला जागा भरपूर.

तर इथे दोन क्लब झाले. एक व्हीएसव्ही, फेल्सरोर्ड भागातला. दुसरा स्टॉर्मफोगल्स, १९१२ चा, बंदरातल्या लोकांचा, समुद्रपक्ष्याचं नाव लावलेला. एकाच गावात दोन क्लब म्हटल्यावर काय होणार ते वेगळं सांगायला नको, घराघरात वाटणी. बाप स्टॉर्मफोगल्सचा असेल तर मुलगाही स्टॉर्मफोगल्सचाच. आणि हे क्लब किरकोळ नव्हते हां, व्हीएसव्हीनी १९३८ मध्ये नेदरलँड्सचा राष्ट्रीय कप जिंकलाय, फायनलला आपेलडोर्नच्या एजीओव्हीव्हीला ४-१ नी हरवून. हे एजीओव्हीव्ही नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

आता मधे थोडं देशाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

(जुने कृष्णधवल फोटो, पुराचं पाणी)

खूप काळ नेदरलँड्समध्ये फुटबॉल खेळायचे पैसे घ्यायला बंदी होती. शौक म्हणून खेळा, नोकरी वेगळी करा. ज्यांना पैसे हवे ते फ्रान्सला नाहीतर इटलीला जायचे, आणि तिकडे गेले की देशाच्या टीमची दारं त्यांच्यासाठी बंद. मग १९५३ चा महापूर आला. ३१ जानेवारीच्या रात्री बांध फुटले आणि नेदरलँड्समध्ये १८३६ माणसं गेली. परदेशात खेळणाऱ्या या डच खेळाडूंनी पूरग्रस्तांसाठी पॅरिसमध्ये मॅच ठेवली, १२ मार्च १९५३, समोर फ्रान्स. जिंकले २-१. ज्यांना आपण बाहेर काढलं तेच आपल्यातले सगळ्यात चांगले खेळाडू आहेत हे सगळ्या देशाला कळलं, आणि पुढच्याच वर्षी, १९५४ ला, प्रोफेशनल फुटबॉल सुरू झालं. १९५६ पासून वरची लीग एरेडिव्हिजी.

सुरुवातीला जो तो क्लब प्रोफेशनल झाला. छोट्या छोट्या गावातले सुद्धा. पण पगार द्यायचे म्हणजे तिकिटं विकली गेली पाहिजेत, आणि एका गावात दोन क्लब असले की निम्मे लोक इकडे निम्मे तिकडे, मग दोघांचेही हाल. साठच्या दशकात सगळीकडे विलीनीकरण सुरू झालं, एन्स्खेडेत दोन क्लब मिळून १९६५ ला एफसी ट्वेंटे झाला, उट्रेख्तमध्ये तीन मिळून १९७० ला एफसी उट्रेख्त झाला. पण आयमॉयडनवाल्यांनी हे त्यांच्याही आधी केलं. १९६३ च्या जुलैमध्ये.

आणि त्यांनी ते नीट विचार करून केलं असं मला वाटतं. व्हीएसव्ही आणि स्टॉर्मफोगल्स, दोघांचे फक्त प्रोफेशनल विभाग एकत्र आले. मूळ क्लब मोडले नाहीत, ते हौशी क्लब म्हणून चालू राहिले, आजही आहेत. म्हणजे रविवारी पोराला घेऊन आपल्या जुन्या क्लबवर जायचं ते जायचंच, पण गावाची मोठी टीम एक. मैदान व्हीएसव्हीचं, स्खोननबर्ग, फेल्सन-दक्षिणमध्ये झाडांच्या मधे. आणि नाव दोघांपैकी कुणाचंच नाही.

(उपग्रहाचे जुने चित्रण)

नाव ठेवलं टेलस्टार. हा तो उपग्रह, अमेरिकेनी १० जुलै १९६२ ला सोडलेला. व्यास साधारण ८८ सेंटीमीटर, वजन ७७ किलो, अंगभर सोलर पॅनल. जिममधल्या मोठ्या बॉलएवढं हे यंत्र, पण अटलांटिक ओलांडून टीव्हीचं लाइव्ह चित्र पहिल्यांदा याच्यामुळे दिसलं. त्या काळात यापेक्षा नवं, यापेक्षा आधुनिक दुसरं काही नव्हतं. मासेमारीचं बंदर आणि पोलादाची भट्टी असलेल्या गावानी आपल्या टीमला अंतराळातलं नाव दिलं, मला हे फार आवडतं. खरं तर उपग्रह फेब्रुवारी १९६३ मध्येच बंद पडला होता, क्लब जन्मायच्या आधी. पुढे १९७० च्या वर्ल्ड कपच्या काळ्या-पांढऱ्या बॉललाही हेच नाव मिळालं, पण क्लब त्याच्या सात वर्षं आधीचा आहे, बॉलवरून क्लबचं नाव पडलेलं नाही, हे एकदा स्पष्ट झालेलं बरं.

जर्सी पांढरी. म्हणून टोपणनाव पांढरे सिंह.

आणि सिंहांनी वेळ घालवला नाही. पहिल्याच सीझनला वर चढले, १९६४ ला एरेडिव्हिजीत. आणि तिथे चौदा सीझन टिकले. समोर क्रायफचा आयाक्स, फेयेनूर्ड, पीएसव्ही, म्हणजे ज्या वर्षांत डच फुटबॉल जगात सगळ्यात भारी होतं त्याच वर्षांत आयमॉयडनची ही टीम त्यांच्यासोबत खेळत होती. रुड खेल्स इथूनच सुरू झाला, विशीच्या आतला पोरगा, पुढे आयाक्सकडून गोलांचा पाऊस पाडला आणि पाच वेळा एरेडिव्हिजीचा टॉप स्कोअरर झाला. १९७७-७८ ला मिडफिल्डमध्ये एक उंच, सतत बोलणारा खेळाडू होता, लुइस व्हॅन गाल. हो तोच, पुढे आयाक्स, बार्सिलोना, बायर्न, मँचेस्टर युनायटेडचा कोच. त्याच सीझनला टेलस्टार खाली गेला.

(रिकामं मैदान, पाऊस)

आणि मग ४७ वर्षं.

इथे बहुतेक लोक फास्ट फॉरवर्ड करतात. १९७८ ला खाली, २०२५ ला वर, मधलं सोडा. मी सोडणार नाही, कारण क्लब म्हणजे काय हे मधल्याच वर्षांत दिसतं.

दुसरी डिव्हिजन. शुक्रवारची संध्याकाळ, समुद्राकडून येणारा वारा, दीड-दोन हजार माणसं, कधी त्याहून कमी. १९७१ मध्ये तिसरी प्रोफेशनल डिव्हिजन बंद झाल्यापासून बराच काळ दुसऱ्या डिव्हिजनमधून खाली जायला जागाच नव्हती, तळाला राहिलात तरी पुढच्या वर्षी तिथेच. लोकांना वाटतं हे बरं आहे, धोका नाही. पण पैशाचा धोका होताच. शेजारचा हार्लेम, इथून दहा-बारा किलोमीटरवर, १९४६ चा राष्ट्रीय चॅम्पियन, जिथे रुड गुलिट सोळाव्या वर्षी पहिल्यांदा खेळला, तो क्लब जानेवारी २०१० मध्ये दिवाळखोर. रोसेंडालचा आरबीसी २०११ ला. २०१३ ला फेन्डम. आणि त्याच वर्षी एजीओव्हीव्ही, तेच, १९३८ च्या फायनलवाले. सीझन चालू असताना गेट बंद, उरलेल्या मॅच रद्द. टेलस्टार राहिला. कुणी शेख आला नाही, कुणी अब्जाधीश आला नाही, स्थानिक दुकानदार, ठेकेदार, मासेवाले यांचे छोटे छोटे बोर्ड मैदानाच्या कडेला लागत राहिले आणि लोक तिकीट काढत राहिले.

(कडेच्या बोर्डांवरून हळू सरकणारा कॅमेरा. स्टँडमधले एक आजोबा)

हे आजोबा बघा, कागदी डिशमध्ये किबेलिंग, म्हणजे तळलेल्या माशाचे तुकडे. डोळे मैदानावर, बोटं डिशमध्ये, आणि सॉस संपला तरी त्यांचं लक्ष नाही. इथे कठड्याला टेकून उभं राहिलं की डिफेंडर एकमेकांना काय ओरडतायत ते शब्दन् शब्द ऐकू येतं. मोठ्या स्टेडियममध्ये हे मिळत नाही, कितीही महाग तिकीट काढा.

खेळाडू येत राहिले आणि जात राहिले. जिमी फ्लॉइड हॅसलबेंक, पुढे चेल्सीचा स्ट्रायकर, त्याची प्रोफेशनल सुरुवात इथली. कोच आंद्रिस योंकर इथून थेट देशाच्या महिला टीमचा कोच झाला. २००१ ते २००७ क्लबच्या नावात स्टॉर्मफोगल्स परत जोडलं गेलं होतं, मग पुन्हा फक्त टेलस्टार.

(कारखान्याचं गेट, निळा लोगो)

आणि हा लोगो तर आपल्या ओळखीचा. होगोव्हन्स १९९९ ला ब्रिटिश स्टीलबरोबर जाऊन कोरस झाली, आणि २००७ ला कोरस टाटा स्टीलनी घेतली. म्हणजे आयमॉयडनच्या भट्टीचे मोठे निर्णय मुंबईत, बॉम्बे हाउसपर्यंत जायला लागले. मधली काही वर्षं याच स्खोननबर्गच्या मैदानाचं नाव टाटा स्टील स्टेडियम होतं. बुद्धिबळ बघणाऱ्यांना कालव्यापलीकडचं विक आन झी माहीतच असेल, आनंद जिथे पाच वेळा जिंकला आणि २०२५ ला प्रज्ञानंदनी गुकेशला टायब्रेकमध्ये हरवलं ती स्पर्धा, १९३८ ला होगोव्हन्सनीच सुरू केलेली. तेच गाव, तोच कारखाना, आणि अलीकडच्या काठावर हा क्लब. कारखान्याच्या धुरावरून आणि आसपासच्या लोकांच्या तब्येतीवरून इथे मोठा वाद चालू आहे, तो फार गंभीर आहे. मैदानाचं नाव नंतर बदललं, पुन्हा बदललं, आज ते बुको स्टेडियम आहे.

(मॅचची संध्याकाळ, फ्लडलाइट, भरलेला स्टँड)

२०२४-२५. कोच अँथनी कोरेया, २०२४ मध्येच जबाबदारी घेतलेला. गोलकीपर रोनाल्ड कुमन ज्युनियर, म्हणजे नेदरलँड्सच्या कोचचा मुलगा, पण इथे त्याला कुणी कुणाचा मुलगा म्हणून ओळखत नाही, तो इथला गोलकीपर आहे. टीम सीझनअखेर सातवी आली. सातवी! पण प्लेऑफला, म्हणजे वर जायची शेवटची जागा ठरवणाऱ्या मॅचना, तेवढं पुरतं. एक एक फेरी काढत फायनल, समोर टिलबर्गचा विलेम टू, एरेडिव्हिजीतला क्लब, जागा वाचवायला आलेला. फेल्सनमध्ये २-२. मग १ जूनला टिलबर्ग.

हे आता तुम्हीच बघा.

(आवाज बंद. टिलबर्ग, १ जून, शेवटची मिनिटं, बाहेरच्या समर्थकांचा स्टँड)

१-३. सत्तेचाळीस वर्षांनी टेलस्टार वर.

नवीन सीझनची पहिली मॅच ॲम्स्टरडॅममध्ये, १० ऑगस्टला, आयाक्सच्या पंचावन्न हजारांच्या स्टेडियममध्ये. टेलस्टारचं स्वतःचं मैदान साडेतीन हजारांच्या आसपास, सगळ्या एरेडिव्हिजीत सगळ्यात छोटं. हरले २-० नी. पेपरात लिहून आलं की यांचं अवघड आहे, आणि पैशाच्या हिशेबानी बघितलं तर चूक कुणी काही लिहिलेलं नव्हतं.

मग ३० ऑगस्ट, आइंटहोवन. समोर पीएसव्ही, आदल्या सीझनचा चॅम्पियन, स्वतःच्या घरी. टेलस्टार जिंकला, २-०. आयाक्सविरुद्धच्या त्या पहिल्या मॅचला तेव्हा वीस दिवस झाले होते.