वाकळीच्या चार घड्या

श्रोतेहो, नमस्कार.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर तीस वर्षं हिशेब सांभाळलेले एक काका माझ्याकडे पिलाटेस हा व्यायाम शिकायला येतात. पहिल्या दिवशी मी त्यांना पाय समोर लांब करून बसायला सांगितलं. बसले, पण पाठीला पोक आलं, गुडघे उचलले गेले आणि दोन्ही हात मागं टेकावे लागले. मी वाकळीच्या चार घड्या करून त्यांच्याखाली सरकवायला गेले, तर म्हणाले, "नको मॅडम, आधाराशिवाय जमलं पाहिजे."

नवं माणूस आलं की हे वाक्य ठरलेलं. आणि प्रत्येक वेळी मला वाईट वाटतं, कारण त्या हट्टापायीच कंबर दुखावते.

काकांची पाठ का वाकली, ते खुब्यात बघावं लागतं. खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातल्या खोबणीत फिरतो. आपण ज्या हाडांवर बसतो, तिथूनच मांडीच्या मागचे स्नायू सुरू होतात आणि गुडघ्याखाली जाऊन पोचतात. ते आखडलेले असले आणि आपण पाय लांब केले, की ते बैठकीचं हाड पुढं ओढतात, कमरेचा सांगाडा मागं कलतो आणि पाठ वाकते. काकांच्या पाठीचा त्यात दोष नव्हता. बैठक चार बोटं उंच केली की ती ओढ सैल पडते आणि कणा आपोआप सरळ होतो. वाकळ नसेल तर जाड सतरंजी घ्या, जेवणाचा पाट घ्या. पंगतीला पाटावर बसताना आपल्याला कधी कमीपणा वाटला नाही, मग व्यायामालाच का वाटावा?

ज्यांच्या नावानं हा व्यायाम ओळखला जातो, त्या जोसेफ पिलाटेस यांचा जन्म १८८३ साली जर्मनीत झाला. ते स्वतः आपल्या पद्धतीला 'कॉन्ट्रोलॉजी' म्हणत, म्हणजे शरीरावर ताबा ठेवण्याची विद्या. त्यांनीच स्प्रिंगा लावलेली सरकती बाकं बनवली. ती स्प्रिंग कुठं स्नायूला जोर लावायला लावते, कुठं त्याचा भार हलका करते. साधनाची मदत या पद्धतीत पहिल्यापासून आहे.

आता खुब्याची पुढची बाजू. कण्याच्या खालच्या मणक्यांपासून निघून जांघेतून मांडीच्या हाडाला जोडलेला एक खोल स्नायू आहे. दिवसभर खुर्चीत बसलं की तो आखूडच राहतो. त्यासाठी उताणं झोपा, गुडघे दुमडा, कंबर उचला आणि खाली घट्ट उशी सरकवा. उशी कुठं ठेवता हे फार महत्त्वाचं. कमरेच्या खळग्यात नको, त्याच्या खाली, माकडहाडाच्या वरचं जे सपाट हाड लागतं, त्याच्याखाली हवी. मग एक गुडघा दोन्ही हातांनी छातीशी धरा आणि दुसरा पाय हळूहळू लांब सोडा. लांब सोडलेल्या पायाच्या जांघेत ताण जाणवेल. पाच-सहा सावकाश श्वास तसेच राहा. कमरेत टोचलं तर उशी चुकलीय, ती काढून पुन्हा लावा.

ओढणीचाही चांगला उपयोग होतो. उताणं झोपून एका तळव्याला ती अडकवा, पाय वर घ्या आणि हवेत ताटलीएवढं वर्तुळ काढा. गुडघा थोडा वाकला तरी चालेल. ताटलीची परात झाली, की कंबर डुलायला लागते आणि खुबा मोकळा व्हायचा राहून जातो. बाजारात मिळणारा फोम रोलर, म्हणजे अंगाखाली फिरवायचा फोमचा गोल लोड, मांडीच्या स्नायूंना बरा, पण सुरुवातीला तो विकत घ्यायची घाई करू नका.

खुब्याची शस्त्रक्रिया झालेली असेल, दिवस गेलेले असतील, पायात मुंग्या येत असतील किंवा जांघेत आत काही अडकल्यासारखं दुखत असेल, तर यातलं काहीही करण्याआधी डॉक्टरांना विचारा. ताण आणि दुखणं यातला फरक तुमचं शरीर स्पष्ट सांगतं.

काकांनी शेवटी वाकळ घेतली. तिसऱ्या महिन्यात एक दिवस मी वर्गात शिरले, तर त्यांनी आपणहून एक घडी उलगडून ठेवली होती आणि ते ताठ बसले होते. हात मांडीवर होते. अजून तीन घड्या आहेत.

नमस्कार.