कॅचर मो बर्ग आणि न झाडलेली गोळी

बेसबॉलचा सामना पाहिलाय असे किती जण आहेत सभागृहात? चार-पाच हात दिसतात. हरकत नाही, आजच्यापुरतं एवढं कळलं तरी भागेल: फलंदाजाच्या मागे, आपल्या विकेटकीपरसारखा, एक गडी उकिडवा बसतो. तो कॅचर. चेंडू अडवणं हे त्याचं दिसणारं काम. न दिसणारं काम असं, की पुढचा चेंडू कसा टाकायचा हे तो मांड्यांच्या आड बोटांनी खुणा करून पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, सांगतो. या खुणा समोरच्या संघाला कळता कामा नयेत.

मो बर्ग हा असा कॅचर. १९०२ साली न्यूयॉर्कमध्ये ज्यू कुटुंबात जन्मला, वाढला जवळच्या न्यूअर्कमध्ये. वडील औषधविक्रेते. प्रिन्स्टन विद्यापीठात तो भाषा शिकला: लॅटिन, ग्रीक, फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन, जर्मन आणि चक्क संस्कृत. आपल्याकडे मुलं दहावीला संस्कृत घेतात ते मार्क मिळतात म्हणून. या गड्याला कशाची टक्केवारी वाढवायची होती कोण जाणे. खेळता खेळता त्यानं कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदवीही घेतली. वडिलांना मात्र हे चेंडूफळीचं खूळ कधीच पटलं नाही. मुलाचा एकही सामना बघायला ते गेले नाहीत.

खेळाडू म्हणून बेताचाच. पंधरा हंगाम, ६६३ सामने, होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखे फटके, फक्त ६. त्या काळचा सगळ्यात गाजलेला फलंदाज बेब रूथ, त्याचे ७१४, म्हणजे बघा. संघातले गमतीनं म्हणायचे, सात भाषा येतात त्याला, पण एकाही भाषेत बॅटला चेंडू लागत नाही. बराचसा काळ तो राखीव म्हणून बसून असायचा आणि वर्तमानपत्रं वाचायचा. त्याचं वाचून होईपर्यंत अंकाला दुसऱ्यानं हात लावलेला त्याला खपत नसे.

१९३४ साली अमेरिकेचा तारांकित संघ जपानला गेला. रूथ, गेरिग अशी मंडळी, आणि त्यात हा बर्ग. टोकियोतल्या सेंट ल्यूक रुग्णालयात अमेरिकी राजदूतांची मुलगी बाळंत झाली होती. बर्ग सामना चुकवून, किमोनो घालून, हातात फुलं घेऊन तिला भेटायला म्हणून गेला. तिच्या खोलीकडे फिरकलाच नाही. थेट गच्चीवर गेला आणि छोट्या कॅमेऱ्यानं शहराचं चित्रण करून परतला. १९४२ मध्ये डूलिटल या अमेरिकी अधिकाऱ्याच्या विमानांनी टोकियोवर बॉम्ब टाकले ते हीच फिल्म पाहून, असं रंगवून सांगतात. मला ते पटत नाही. पुरावा भक्कम नाही, आणि तोवर फिल्म आठ वर्षांची जुनी झालेली. त्याला कोणी पाठवलं होतं, याचाही पुरावा नाही.

खरी गोष्ट पुढे आहे. १९४३ मध्ये तो ओएसएस या हेरखात्यात दाखल झाला. सीआयए जन्मायची होती, तिची ही पूर्वज. अमेरिकेला धास्ती एकच होती: जर्मनी अणुबॉम्बच्या किती जवळ आहे? त्या खटपटीतलं सगळ्यात मोठं नाव जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वेर्नर हायझेनबर्ग. १८ डिसेंबर १९४४ रोजी ते तटस्थ स्वित्झर्लंडमध्ये, झुरिकच्या तंत्रविद्यापीठात व्याख्यान द्यायला आले. निमंत्रण देणारे तिथले प्राध्यापक पाउल शेरर स्वतःच अमेरिकनांना बातम्या पुरवत होते.

श्रोते जेमतेम वीसेक. त्यांत बर्ग. खिशात पिस्तूल, आणि पकडलाच गेला तर सायनाइडची गोळी. हुकूम असा, की बॉम्ब हाताशी आलाय असं हायझेनबर्ग यांच्या बोलण्यातून दिसलं तर तिथल्या तिथे त्यांना संपवायचं. विषय होता एस-मॅट्रिक्स, म्हणजे कण एकमेकांवर आदळल्यावर काय होतं याचं गणित. जर्मन त्याला उत्तम येत होती, पण असलं भौतिकशास्त्र पचवायला जर्मन पुरत नाही. तो टिपणं घेत राहिला. ऐकताना मी अनिश्चित आहे, असं त्यानं लिहिलंय, आणि त्यालाच जोडून हायझेनबर्ग यांच्या अनिश्चिततेच्या तत्त्वाचा दाखला. माणूस मारायचा की नाही हे ठरवताना वहीत कोटी करणारा हा इसम! मला तो इथेच सगळ्यात जवळून दिसतो.

बॉम्बचा शब्दही निघाला नाही. पिस्तूल खिशातच राहिलं. पुढे शेरर यांच्या घरी जेवण झालं. कोणी म्हणालं, जर्मनी युद्ध हरलीच. हायझेनबर्ग उत्तरले, हो, पण जिंकलो असतो तर किती बरं झालं असतं. बर्गनं हे टिपून वर कळवलं. ज्याच्या हाती बॉम्ब येऊ घातलाय, तो असं बोलत नाही. निघताना बर्ग हायझेनबर्ग यांच्या सोबतीनं रस्त्यानं चालत गेला, गप्पा मारत. त्याच सुमारास जर्मनांच्या हातून सुटलेल्या स्ट्रासबूर्ग शहरात सापडलेल्या कागदपत्रांवरूनही दिसलं, की जर्मनांना साधी अणुभट्टीसुद्धा चालू करता आली नव्हती.

एका उलगडत नसलेल्या भाषणावरून माणसाला जिवंत सोडायचा निर्णय त्यानं घेतला. तो चुकला असता तर? काही जण म्हणतात, नशीब बलवत्तर. मी म्हणेन, पंधरा वर्षं उकिडवं बसून समोरच्याच्या मनात काय चाललंय हे ताडणाऱ्याला ते काम नवीन नव्हतं.

युद्धानंतर त्याला मेडल ऑफ फ्रीडम हे अमेरिकी सरकारचं मानाचं पदक जाहीर झालं, ते त्यानं नाकारलं. कारण सांगितलं नाही. १९५२ मध्ये सीआयएनं त्याला सोव्हिएत अणुविज्ञानाची माहिती काढायला घेतलं, पण हाती काही लागलं नाही आणि करार संपला. पुढे नोकरी नाही, लग्न नाही. सतरा वर्षं भावाकडे पुस्तकांच्या ढिगात राहिला. भाऊ इतका कंटाळला, की घर खाली करण्याची कागदपत्रंच तयार करून घेतली. मग हा बहिणीकडे गेला. १९७२ मध्ये वारला. नाकारलेलं पदक नंतर त्या बहिणीनंच स्वीकारलं.