पट्टा की ठिपका

तुळशीच्या लग्नाला आठवडा आहे. वृंदावन रंगवून झालंय, ऊस अजून यायचाय. मालवण तालुक्यातल्या या अंगणात सकाळी साडेआठला तुळशीच्या मंजिऱ्यांवर मधमाश्यांची झुंबड उडते. त्यातली एकच आपल्याला हवी आहे.

डावीकडे आहे ती सातेरी, पेटीत पाळतात ती. फुलावर नीट बसून मध घेते. आता तिच्या वर बघा. ही हवेतच थबकते, लांब जीभ आधीच बाहेर काढलेली, टेकली न टेकली की पुढच्या मंजिरीवर. फिल्मचा हा तुकडा आठपट संथ केलाय. एरवी दिसते ती नुसती निळी रेघ.

पाठीवर तांबूस लव, काळ्या पोटावर निळे पट्टे. ही अमेजिला, एकटी राहणारी मधमाशी. हिला ना पोळं, ना राणी, ना कामकरी. प्रत्येक मादी आपापलं बघते.

सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५८ मध्ये यातल्या एका जातीला नाव दिलं झोनाटा, म्हणजे पट्टेवाली. पण त्याच तोंडवळ्याच्या जाती बऱ्याच आहेत, आणि नुसत्या रंगावर जाल तर फसाल. पट्टा म्हणजे चपट बसलेले बारीक केस. ऊन तिरपं झालं की निळ्याचा हिरवा होतो, माशी म्हातारी झाली की केस झडतात. जात पक्की करायची तर नर मारून भिंगाखाली त्याची जननेंद्रियं तपासावी लागतात. आम्ही एकही मारला नाही, म्हणून या फिल्ममध्ये ती नुसती अमेजिलाच राहील.

नर-मादी मात्र जिवंतपणीच ओळखता येतात. मागचा पाय बघा. केसांचा दाट ब्रश आणि त्यात पिठासारखा कोरडा पराग, म्हणजे मादी. सातेरी पराग ओला करून त्याची गोळी वळते, ही तसं करत नाही. नराला हा ब्रशच नसतो. त्याच्या मिशीला १३ पेरं, मादीच्या १२. ती मोजायला आम्हाला तीन दिवस आणि बरीच चिडचिड लागली.

(परडं. वांग्याचं फूल. फक्त आवाज.)

हा आवाज पंखांचा नाही. वांग्याचा पराग पिवळ्या नळ्यांत कोंडलेला असतो, टोकाला बारीक भोक. अमेजिला नळीला मिठी मारते, पंख मिटते आणि उडण्याच्या स्नायूंनी सगळं अंग थरथरवते. पराग भुरभुरत खाली येतो. हे सातेरीला जमत नाही.

आता गोठा. पावसाकडची भिंत चिऱ्याची, आतली मातीची. या आतल्या भिंतीत पेन्सिल जाईल एवढी भोकं आहेत. प्रत्येक भोक एकीचं, पण शेजार दाट. मादी माती कोरते, आत कोठडी करते, तिला अंगातल्या स्रावाचा ओल न लागणारा लेप देते, पराग आणि मध कालवून ठेवते, त्यावर एक अंडं घालते, तोंड बंद करते. मग पुढची कोठडी. घरच्या आजी शेणी उचलायला त्याच भिंतीला टेकून उभ्या राहतात. ‘ती काय चावणा नाय, तिचा काम करूक दे तिका.’

आणि ही कोण?

तीही निळी, तीही काळी. पण थांबवून बघा. पट्टे नाहीत, ठिपके आहेत. पोट टोकदार, पायावर ब्रश नाही, पाठीच्या मागच्या कडेला खाच. ही थायरियस, कोकिळेच्या वळणाची. पराग गोळा करायचाच नाही, तर ब्रश कशाला? बारा मिनिटं ती भिंतीसमोर खालून वर, वरून खाली तरंगत होती. घरमालकीण बाहेर पडली, ही आत गेली. तिची अळी अमेजिलाचं पोर मारते आणि त्याचा शिधा खाते.

उन्हाळ्यात या भिंतीला सिमेंटचा गिलावा होणार आहे. मुंबईहून पैसे आलेत.

संध्याकाळ. मादी भोकात शिरली. नराला घर नाही. गडग्याकडेच्या वाळक्या काटकीला तो जबड्यानं चावून धरतो, पाय पोटाशी घेतो आणि तसाच झोपतो. एक, दोन, पाच… नऊ. सगळे पट्टेवाले.

शेजारच्या काटकीवर, तशीच चावून लोंबकळलेली, एक ठिपकेवाली.